क्लॅट: परीक्षा कायद्याची, पण कस लागतो वाचनाचा, 'रीडिंग'चे गुण वाढवायचे कसे?

बारावीनंतर बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत शिकायचं असेल, तर क्लॅट द्यावी लागते. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठं आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. दरवर्षी डिसेंबरमध्ये होणाऱ्या या परीक्षेच्या तयारीला लागलेले अनेक विद्यार्थी आधी कायद्याची कलमं पाठ करायला घेतात. खरी अडचण मात्र वेगळीच असते. प्रश्नपत्रिका वाचूनच संपत नाही.

असं का होतं? आणि वाचनाचे गुण खरंच वाढवता येतात का?

परीक्षा नेमकी कशी असते?

क्लॅट 2008 मध्ये सुरू झाली. सुरुवातीची अनेक वर्षं त्यात सामान्यज्ञान आणि कायद्याचे सुटे, थेट प्रश्न येत. 2020 पासून हे चित्र बदललं आणि जवळपास संपूर्ण परीक्षा उताऱ्यांवर आधारित झाली. 2024 च्या प्रवेशांसाठीच्या परीक्षेपासून 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात. बरोबर उत्तराला 1 गुण मिळतो, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो.

इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, तार्किक क्षमता आणि गणित असे पाच विभाग आहेत. इंग्रजीचे प्रश्न 22 ते 26 असले, तरी वाचन तेवढ्यापुरतं नसतं. कायद्याच्या विभागातही नियम उताऱ्यातच दिलेला असतो. तो समजून घेऊन नव्या प्रसंगाला लावायचा असतो. कायद्याचं पूर्वज्ञान त्यासाठी लागत नाही.

वेळ नेमका कुठे जातो?

एक सोपा हिशेब करू. उतारे साधारण 450 शब्दांपर्यंतचे असतात. समजा, पेपरात असे 20 उतारे आहेत आणि प्रत्येक सरासरी 400 शब्दांचा आहे. म्हणजे झाले 8 हजार शब्द. मिनिटाला 150 शब्द वाचणाऱ्या विद्यार्थ्याची 53 मिनिटं नुसते उतारे वाचण्यातच जातील. 200 शब्दांचा वेग असेल, तर 40 मिनिटं लागतील. प्रश्न आणि पर्याय वाचायचे ते वेगळेच.

ही 13 मिनिटं मोठी आहेत. पण वेग वाढवण्याच्या नादात समजच हरवली, तर तोच उतारा दोनदा वाचावा लागतो आणि वाचवलेला वेळ तिथेच खर्च होतो.

वेग कमी का पडतो?

डोळे मंद फिरतात म्हणून, असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं: विषय अनोळखी असतो.

अमेरिकेत 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्च्या पण बेसबॉल कळणाऱ्या मुलांनी, वाचनात हुशार पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा तो मजकूर चांगला समजून घेतला. आपल्याकडे क्रिकेटचा विचार केला की हे लगेच पटतं. 'नाइट वॉचमन' म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, तो सामन्याचं वर्णन अडखळता वाचत नाही.

म्हणूनच नुसत्या शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा न्यायालयं, अर्थव्यवस्था, पर्यावरण, तंत्रज्ञान अशा विषयांवरचं रोजचं वाचन जास्त उपयोगी पडतं. इंग्रजी दैनिकातला एक अग्रलेख वाचायचा आणि तो बाजूला ठेवून दोन ओळींत लिहायचं: लेखकाचं म्हणणं काय आणि त्याने कारण काय दिलं? हे जमलं नाही, तर लेख 'वाचून' झाला, समजला नाही.

चुकीचा पर्याय बरोबर का वाटतो?

समजा उताऱ्यात असं म्हटलंय: 'दुकानदारांनी वजनकाटे तपासून घ्यावेत असा नियम आहे, मात्र तपासणी करणाऱ्या विभागाकडे पुरेसे निरीक्षक नाहीत.' लेखकाचा मुद्दा कोणता?

- 'विभागाकडे एकही निरीक्षक नाही': 'पुरेसे नाहीत'चं थेट 'एकही नाही' झालं. हा अतिरेक आहे.
- 'दुकानदार ग्राहकांना फसवतात': खरं असेलही, पण उताऱ्यात ते कुठेच नाही.
- 'हा नियम रद्द करावा': लेखक तिथवर गेलेलाच नाही.
- 'नियम आहे, पण अंमलबजावणी कमकुवत आहे': हे उत्तर बरोबर.

बहुतेक फसवे पर्याय या तीन प्रकारांत बसतात. त्यामुळे सराव पेपर सोडवल्यावर फक्त गुण मोजून थांबू नये. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावं: अतिरेकी पर्याय निवडला, उताऱ्याबाहेरची माहिती वापरली, की प्रश्नच नीट वाचला नाही? 10 पेपरांनंतर आपली नेहमीची चूक कोणती, हे त्या वहीतच दिसतं. सरावासाठी आधी मागच्या वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात.

अंदाजाने उत्तर द्यावं का?

चार पर्यायांपैकी काहीच कळत नसेल, तर असे 16 प्रश्न ठोकून सरासरी 1 गुण हाती लागतो. म्हणजे जवळपास काहीच नाही. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर अशा 8 प्रश्नांमागे सरासरी 3 गुण मिळतात. थोडक्यात, दोन पर्याय बाद झाले असतील तर उत्तर द्यावं. नुसताच अंधारात तीर मारण्यात मात्र वेळ घालवू नये.

मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्यांचं काय?

जेईई मेन, नीट आणि सीयूईटी या परीक्षा मराठीतून देता येतात. महाराष्ट्राची विधी सीईटीही मराठीत उपलब्ध आहे. क्लॅट मात्र फक्त इंग्रजीत होते. ती इतर भारतीय भाषांमध्येही घ्यावी, यासाठी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती. वाचनावर बेतलेली परीक्षा एकाच भाषेत असेल, तर ती आकलन किती मोजते आणि घरातलं, शाळेतलं इंग्रजी किती, हा प्रश्न रास्त आहे.

धोरण बदलेपर्यंत एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या हातात आहे. एका भाषेत कमावलेलं आकलन दुसऱ्या भाषेतही कामी येतं, अशी मांडणी भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये केली. मुद्दा शोधणं, युक्तिवाद तपासणं, लेखकाचा सूर ओळखणं हे मराठी अग्रलेखावरही शिकता येतं. एकाच बातमीवरचा लेख आधी मराठीत आणि मग इंग्रजीत वाचला, तर विषय ओळखीचा होतो आणि इंग्रजी शब्दांचा अर्थ संदर्भातून उलगडतो.

यासाठी महागडा क्लास लागतोच असं नाही. पण हे शेवटच्या महिन्यातही होत नाही. रोजची 40 मिनिटं, एक लेख आणि चुकांची एक वही, एवढं सात-आठ महिने टिकवलं, तर डिसेंबरमध्ये समोर येणारा उतारा निदान परका वाटणार नाही.