उतारवयातील तारा आणि त्याचा शेजारी

ग्रह म्हटला की आपल्याकडे प्रथम पत्रिका आठवते. पण २०२१ साली अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतील शास्त्रज्ञांनी जो ग्रह जगापुढे मांडला, तो कोणाच्याही पत्रिकेत सापडणार नाही. अमेरिकेच्या ‘टेस’ उपग्रहाला एका ताऱ्याचा प्रकाश ठरावीक काळाने किंचित मंदावताना दिसला होता. हे ग्रहामुळेच घडते, हे अबूच्या गुरुशिखरावरील अवघ्या १.२ मीटरच्या दुर्बिणीने व तिला जोडलेल्या ‘पारस’ या वर्णपटमापकाने ताऱ्याचे सूक्ष्म डोलणे मोजून सिद्ध केले.

‘टीओआय-१७८९ बी’ हे त्या ग्रहाचे नाव. त्याचे वस्तुमान आपल्या गुरूच्या सुमारे ७० टक्के, व्यास मात्र १.४ पट. त्याचे वर्ष ३.२ दिवसांचे! बुध सूर्यापासून जितका दूर, त्याच्या सुमारे आठव्या हिश्श्यावर तो फिरतो आणि उष्णतेने फुगून पाण्याच्या तृतीयांश घनतेचा झाला आहे. त्याचा तारा सूर्याच्या दीडपट वजनाचा. वजनदार तारे आपले इंधन लवकर संपवतात; याही ताऱ्याला वयाचा उतार लागला आहे. पुढे तो अवाढव्य फुगेल, तेव्हा इतक्या जवळचा ग्रह वाचणे कठीण. म्हणूनच उतरत्या वयाच्या ताऱ्यांजवळ असे ग्रह फार थोडे सापडतात.

या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न हटकून विचारला जातो. आमच्या मते उत्तर सरळ आहे. सुमारे ५०० कोटी वर्षांनी आपला सूर्यही फुगणार आहे. बुध आणि शुक्र त्याच्या पोटात जातील. पृथ्वीविषयी मात्र शास्त्रज्ञांचे एकमत नाही. आपल्या घरच्या वार्धक्याचे गणित दुसऱ्यांची घरे पाहूनच सुटायचे.

आणि ते गणित वाटते तितके सोपे नाही. ध्रुवमत्स्यातील बेकदू या ताऱ्याभोवती हल्ला नावाचा महाग्रह ९३ दिवसांत फेरी घालतो. कोरियन ज्योतिर्विदांनी तो २०१५ साली शोधला. तारा फुगण्याची अवस्था ओलांडून गेला आहे, हे २०२३ साली उघड झाले; म्हणजे नियमाने हा ग्रह केव्हाच गिळला जायला हवा होता. दोन ताऱ्यांच्या मीलनातून बेकदू जन्मला असावा व त्यामुळे तो तितका फुगलाच नसावा, असा एक तर्क आहे. नियम कोठे मोडतो, हे असे एकेक तारा तपासल्याखेरीज कळत नाही.

त्यासाठी लागते चिकाटी, आणि सरकारी तिजोरीतून सातत्याने येणारा पैसा. गुरुशिखरावर आता २.५ मीटरची दुर्बीणही उभी आहे. ज्या बडोद्याने १९०६ साली आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याला ज्ञानावरील खर्चाचा हिशेब ताबडतोबीच्या नफ्यात मांडू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. अबू आपल्यापासून काही फार दूर नाही. आपल्या शाळांनी विद्यार्थ्यांना निदान हे तरी सांगावे, की त्या डोंगरावरून माणसाने एक नवे जग ओळखले.