विश्लेषण : ‘दुप्पट परतावा’ देणाऱ्या फंडांपासून छोट्या गुंतवणूकदारांना रोखावे का?

निर्देशांक एक टक्का वाढला तर दोन किंवा तीन टक्के वाढणारे ‘लिव्हरेज्ड’ फंड आणि बाजार पडला की वधारणारे ‘इन्व्हर्स’ फंड अमेरिका, दक्षिण कोरियात शेअरसारखे सहज विकत घेता येतात. छोट्या गुंतवणूकदारांना त्यांपासून दूर ठेवावे का, या प्रश्नाला प्रत्येक देशाच्या नियामकाने वेगळे उत्तर दिले आहे.

हे फंड चालतात कसे?

डेरिव्हेटिव्ह्जच्या आधारे हे फंड भांडवलाच्या दुप्पट-तिप्पट किंवा बाजाराच्या उलट दिशेने सौदे करतात. हे प्रमाण रोज नव्याने जुळवले जाते. म्हणजेच दुपटीचे आश्वासन फक्त एका दिवसाचे असते, महिन्याचे वा वर्षाचे नव्हे. खरी मेख इथेच आहे.

निर्देशांक जागेवर, तरी तोटा कसा?

समजा, निर्देशांक १०० वरून ९० वर आला आणि दुसऱ्या दिवशी ११.११ टक्के वाढून पुन्हा १०० झाला. साध्या इंडेक्स फंडात काहीच गेले नाही. दुप्पट परताव्याचा फंड मात्र आधी ८० वर येईल आणि २२.२२ टक्के वाढूनही ९७.७८ वरच थांबेल. इन्व्हर्स फंड आधी ११० होईल, मग ११.११ टक्के घसरून तोही ९७.७८ वर येईल. तेजीवर पैसे लावणाऱ्याला तोटा आणि मंदीवर लावणाऱ्यालाही! बाजार सलग एकाच दिशेने गेला तर हेच गणित फायद्याचे ठरते. वरखाली होत राहिला तर ते भांडवल कुरतडते.

एका दिवसात काय होऊ शकते?

५ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिकेत ‘एस अँड पी ५००’ सुमारे चार टक्के पडला. बाजारातील अस्थिरता मोजणारा ‘व्हिक्स’ निर्देशांक त्या दिवशी दुपटीहून अधिक झाला. त्याच्या उलट दिशेने चालणाऱ्या ‘एक्सआयव्ही’ या रोख्याचे ९० टक्क्यांहून अधिक मूल्य पुसले गेले आणि क्रेडिट सुइसने तो त्याच महिन्यात गुंडाळला.

नियामकांनी काय केले?

असे फंड एका दिवसापेक्षा जास्त काळ ठेवणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारांसाठी सहसा योग्य नाहीत, असा इशारा अमेरिकेतील ‘फिन्रा’ने २००९ मध्येच दिला होता. ग्राहकाला हे फंड समजतात का, हे ब्रोकरने आधी तपासावे, असा प्रस्ताव ‘एसईसी’ने २०१९ मध्ये मांडला, पण २०२० च्या अंतिम नियमांतून तो वगळला. नव्या फंडांच्या जोखमीला साधारण दुपटीची मर्यादा मात्र घातली.

दक्षिण कोरियाने लिव्हरेज्ड फंड घेण्याआधी ऑनलाइन प्रशिक्षण आणि खात्यात किमान १ कोटी वॉन ठेव सक्तीची केली. तरीही तेथील अनेक छोटे गुंतवणूकदार अमेरिकेतील तिप्पट परताव्याच्या फंडांकडे वळले.

भारतात काय स्थिती?

‘सेबी’च्या नियमांमुळे म्युच्युअल फंडांना कर्ज काढून असे दुप्पट सौदे करता येत नाहीत. एप्रिल २०२५ पासून आलेल्या ‘स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंडां’ना डेरिव्हेटिव्ह्जद्वारे २५ टक्क्यांपर्यंत मंदीचे सौदे करण्याची मुभा आहे, मात्र किमान गुंतवणूक १० लाख रुपये आहे.

पण फंडाचे दार बंद असले तरी फ्युचर्स-ऑप्शन्सचे दार उघडे आहे. ‘सेबी’च्याच अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तेथे ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. फंडात निदान गुंतवलेल्या रकमेपलीकडे तोटा होत नाही. ऑप्शन विकणाऱ्याला ते संरक्षण नसते.

मग बंदी की मोकळीक?

सरसकट बंदीने जुगाराची हौस संपत नाही, ती दुसऱ्या दाराने आत येते. ‘बाजार जोखमींच्या अधीन’ ही तळटीपही पुरेशी नाही. कारण अडचण जोखमीपेक्षा ‘रोज’ या शब्दाच्या गैरसमजात आहे. त्यामुळे खरेदीआधी छोटी चाचणी आणि गुंतवणुकीला कमाल मर्यादा हा मधला मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. वरचे ९७.७८ चे गणित ज्याला स्वतः सोडवता येते, त्याला धोका तरी कळलेला असतो. ज्याला येत नाही, त्याच्यासाठी हे दार तूर्त बंद असलेलेच बरे.