चेन लांबली का? टेप लावून पाहा

मैत्रिणींनो, सायकल पंक्चर झाली की लगेच कळतं, ब्रेक लागेनासा झाला तरी कळतं. चेन झिजली की मात्र कळत नाही. आमच्या धाकटीची चेन सारखी पडायची. दोनदा दुकानात नेली, दोन्ही वेळा मागचं चाक जरा सरकवून चेन ताठ करून मिळाली. आठवड्याभरात चढावर उभं राहून पायडल मारताना चेन दात्यांवरून सटकली आणि पोरीची हनुवटी हँडलवर आपटली. तीन टाके पडले. चूक माझीही होतीच. चेन सैल झाली की ताठ करायची, एवढंच मला ठाऊक होतं!

खरं तर चेनचं लोखंड ताणलं जात नाही. तेलात मिसळलेल्या धुळीने प्रत्येक सांध्यातली पिन घासून बारीक होते. एका सांध्यात ते दिसत नाही, पण शंभरेक सांधे मिळून चेन लांबते आणि चाकाच्या दात्यांत नीट बसत नाही. चेन ताठ केल्याने ही झीज जात नाही.

ती मोजायला पोलादी टेप पुरते. शिवणाची कापडी टेप नको, ती स्वतःच ताणलेली असते.

१. सायकल स्टँडवर लावून चेन फडक्याने पुसा. बंद चेनकव्हर असेल तर दुकानात उघडून घ्या.

२. मुलांपैकी कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून पायडल किंचित पुढे रेटायला सांगा, म्हणजे वरची चेन ताठ राहील.

३. टेपची १ इंचाची खूण एका पिनेच्या मध्यावर धरा. ती पिन सोडून पुढच्या २४ पिना मोजा. दोन पिनांत अर्धा इंच अंतर असतं, म्हणून नव्या चेनची चोविसावी पिन १३ इंचांवर येते.

४. ती अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली असेल तर चेन बदला. पूर्ण सूत (आठवा भाग) गेली असेल तर दातेही झिजलेले असणार. मग फ्रीव्हील आणि पुढचं दातेरी चाकही तपासून घ्या. झिजल्या दात्यांवर नवी चेनसुद्धा सटकते.

यासाठी दुकानात धातूच्या पट्टीचं छोटं मापही मिळतं. त्याचं टोक चेनमध्ये पूर्ण आत बसलं, की चेन झिजली असं समजावं.

तेल मशीनचंच घाला. प्रत्येक सांध्यावर एक थेंब, आणि वरचं पुसून टाका. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.

परवा मुलाची सायकल दुकानात नेली. नेहमीप्रमाणे पाना निघाला. म्हटलं, "भाऊ, ताठ करू नका, चोवीस पिनांत पाऊण सूत जास्त भरतंय." त्यांनी मुकाट्याने नवी चेन काढली.

तुमच्या घरची सायकल या रविवारी मोजाच. पाच मिनिटांचं काम आहे.