फुलापासून बनलेली गोळी सौम्यच असते का?

‘डॉक्टर, ही गोळी डॅफोडिलपासून बनते असं वाचलं. म्हणजे साइड इफेक्टचं काही नाही ना?’ सासऱ्यांना अल्झायमरचं निदान झालेल्या एका ताईंनी मला विचारलं. सोबत त्यांनी अंगणातल्या नागदवण्याचा कांदाही आणला होता. हे झाड डॅफोडिलच्याच कुळातलं आहे, याचा रस दिला तर गोळीचा खर्च वाचेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

कुळाची माहिती बरोबर होती. अडचण पुढच्या वाक्यात होती.

त्या गोळीचं नाव गॅलँटामाइन. हे एक अल्कलॉइड आहे, म्हणजे वनस्पतीने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेलं रसायन. १९५०च्या दशकात सोव्हिएत रशिया आणि बल्गेरियातल्या संशोधकांनी ते स्नोड्रॉप या रानफुलाच्या कांद्यात अभ्यासलं. सुरुवातीला ते पोलिओनंतरच्या अशक्तपणासाठी वापरत. अल्झायमरसाठी अमेरिकेत त्याला २००१ साली मान्यता मिळाली. वेल्सच्या डोंगराळ भागात आजही या औषधासाठी डॅफोडिलची शेती होते.

आपल्या मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचा निरोप्या असतो. अल्झायमरमध्ये तो कमी पडतो. त्याला तोडणाऱ्या एन्झाइमला ही गोळी आवरते, त्यामुळे उरलेला निरोप्या जरा जास्त वेळ टिकतो. बस, एवढंच. आजार थांबत नाही. काही रुग्णांचा दिनक्रम काही काळ बरा चालतो, काहींना फरकच जाणवत नाही.

आता त्या कांद्याबद्दल. नागदवणा, स्पायडर लिली, डॅफोडिल या सगळ्यांत लायकोरिन नावाचं दुसरं अल्कलॉइड असतं आणि ते उलट्या घडवून आणतं. २००९ मध्ये इंग्लंडच्या एका शाळेत सूप करताना कांदा समजून डॅफोडिलचा कंद पडला आणि मुलांना उलट्या झाल्या. शिजवूनही विष गेलं नाही. कोणत्या कांद्यात कोणतं अल्कलॉइड किती, हे जातीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतं. औषधाचा डोस दिवसाला ८ मिलिग्रॅमपासून सुरू होतो आणि निदान चार आठवड्यांनीच वाढवतात. चमचाभर रसात किती मिलिग्रॅम आहे, हे ना तुम्हाला कळेल ना मला. (नागदवण्याचं पान गरम करून सुजलेल्या गुडघ्यावर बांधतात, तो वेगळा विषय. पोटात मात्र नको.)

आणि गोळीसुद्धा निरुपद्रवी नाही. मळमळ, उलट्या, भूक मंदावणं, वजन उतरणं हे तिचे नेहमीचे त्रास. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. आजोबांना तहान लागल्याचं सांगता येत नाही, त्यात दोन उलट्या झाल्या की शरीर कोरडं पडायला वेळ लागत नाही. म्हणून गोळी जेवणासोबत द्या आणि पाणी मागण्याची वाट पाहू नका. नाडी मंदावून चक्करही येऊ शकते, विशेषतः बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर. तीन दिवसांपेक्षा जास्त गोळ्या सुटल्या, तर जुन्याच डोसने परस्पर सुरू करू नका. पुन्हा लहान डोसपासून यावं लागतं.

चूक फक्त घरच्यांची असते असं मला वाटत नाही. आम्ही डॉक्टर गोळी लिहितो आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे सांगायला विसरतो. मग सहा महिन्यांनी घरचे निराश होतात आणि कांद्याकडे वळतात. माझं मत असं, की पहिल्याच दिवशी ठरवावं: आम्हाला काय सुधारलेलं हवंय? आंघोळ स्वतः करणं? घरातल्यांना नावाने हाक मारणं? ते वहीत लिहा. काही महिन्यांनी वही घेऊन या. फरक नसेल किंवा वजन घटत असेल, तर गोळी बंद करण्याचं बोलू. डॉक्टरला हे विचारणं उद्धटपणा नाही.

येताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत आणा, लघवी आवरण्याची गोळी आणि सर्दीचं सिरपसुद्धा. यातली काही औषधं ॲसिटिलकोलिनलाच अडवतात, धोत्र्यातलं अल्कलॉइड अडवतं तसंच. त्या ताईंच्या पिशवीत कांद्याखाली अशीच एक स्ट्रिप निघाली. एका गोळीने वाढवायचं आणि दुसरीने अडवायचं, असं सासऱ्यांच्या पोटात दोन महिने चाललं होतं. ती स्ट्रिप आम्ही आधी थांबवली.