नावात अडकलेले औषध

उमरग्याहून आळंदला जाणाऱ्या वाटेवर, कलबुर्गी जिल्ह्यात, खजुरी हे गाव आहे. महाराष्ट्राची हद्द तेथून जवळच. मराठी व कानडी या दोन्ही भाषा नांदणाऱ्या या टापूतला रुग्ण कधी उमरग्याला, कधी सोलापूरला, तर कधी कलबुर्गीला डॉक्टर गाठतो. चिठ्ठी एका राज्यात लिहिली जाते आणि औषध दुसऱ्या राज्यात शोधावे लागते. दुखणे मूळव्याधीचे असले की हा शोध अधिकच अवघड होतो, कारण चार माणसांसमोर औषधाचे नाव उच्चारण्याचीही रुग्णाला शरम वाटते. या दूरच्या गावाचा उल्लेख आम्ही करतो तो एवढ्याचसाठी की, बांबोळीच्या इस्पितळातून चिठ्ठी घेऊन सावंतवाडीकडे परतणाऱ्या रुग्णाची कथाही फारशी निराळी नाही.

मूळव्याधीवरील स्टिरॉइडयुक्त मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत हे योग्यच आहे. ती दीर्घकाळ लावीत राहिल्यास त्वचा पातळ पडते. परंतु खप थोडा आणि मुदत संपण्याची धास्ती मोठी, म्हणून खेड्यातला दुकानदार असा माल मोजकाच ठेवतो. तो संपला की कायदा आडवा येतो. १९४५ च्या औषध नियमांतील ६५ व्या नियमानुसार, अनुसूची ‘एच’मधील औषधाच्या चिठ्ठीवर जे लिहिले असेल त्याऐवजी दुसरे देता येत नाही, मग घटक तेच का असेनात! डॉक्टरने कंपनीचे नाव लिहिले आणि नेमके तेच संपले, तर शेजारच्या फळीवर तेच द्रव्य दुसऱ्या नावाने पडलेले असूनही रुग्णाने रिकाम्या हाताने परतावे, असा याचा अर्थ. व्यवहारात पुष्कळ दुकानदार ते देतातही. पण मग जबाबदारी कोणाची, हे मोघमच राहते.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली औषधाचे मूळ नाव सुवाच्य लिहावे, असा दंडक घातला. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तो अधिक कडक केला आणि डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध करताच त्याच महिन्यात स्थगितही केला. सर्व कंपन्यांच्या मालाचा दर्जा सारखा नसतो, हा डॉक्टरांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण दर्जा राखणे हे सरकारचे काम. त्यातील कसुरीचा भुर्दंड रुग्णाने का सोसावा? मूळ नाव लिहून पुढे पसंतीची कंपनी आणि ती न मिळाल्यास काय चालेल, एवढे नमूद करण्यास डॉक्टरला अर्धे मिनिटही लागत नाही. नियम ६५ मध्येही तशी मुभा असावी, असे आमचे मत आहे.

मे २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने सरकारी इस्पितळांच्या आवारातील जनऔषधी केंद्रे बंद करण्याचा आदेश काढला. जुलैत उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. इस्पितळातूनच औषध फुकट द्यावे, ही सरकारची भूमिका वाईट नव्हती. मात्र इस्पितळाचे फडताळ रिकामे असेल त्या दिवशी रुग्णाने कोठे जावे, याचे उत्तर त्यात नव्हते.

आणि असा रुग्ण जातो तो ‘मूळव्याध, भगंदर, खात्रीचा इलाज’ अशा पाटीखाली बसलेल्या भोंदूकडे! खरे पाहता या व्याधीचा बराचसा उपचार मलमात नाही, तर स्वयंपाकघरात आहे. खजुरीच्या मुलखातली ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि तुरीचे वरण, भरपूर पाणी, रात्री इसबगोल, शौचास न कुंथणे आणि दिवसातून दोनतीनदा दहापंधरा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसणे, एवढ्याने पुष्कळांना उतार पडतो. मलम मिळेपर्यंत हे तर करावेच, मिळाल्यावरही सोडू नये. घरातली जुनी ट्यूब मात्र पुन्हा उघडू नये आणि दुसऱ्याची तर मुळीच वापरू नये. दुकानदाराने औषध बदलून दिल्यास वेष्टणावरील मूळ नाव चिठ्ठीशी ताडून पाहावे व डॉक्टरला फोन करून कळवावे.

रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे मात्र कोणी धरून चालू नये. आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. वय चाळिशीपलीकडे असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर मलमाच्या शोधात दिवस न घालवता आधी तपासणी करून घ्यावी, मग ती सोलापूरला असो, कलबुर्गीला असो की बांबोळीला.