हळद आपली, पण औषध?

वसमतच्या बाजारपेठेत हळदीची पोती रचलेली पाहिली की मन अभिमानाने भरून येते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत वसमत परभणी जिल्ह्याचाच भाग होता. या वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेतकऱ्याच्या कष्टांवर ती राजमान्यतेची मोहोर होती. तिचे स्वागत करतानाच एक अवघड प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

त्यासाठी जुनी लढाई आठवावी लागेल. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. कापले-भाजले की हळदीचा डबा शोधणाऱ्या आपल्या आयाबायांच्या ज्ञानावर परक्या संस्थेचा हक्क! वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली या पेटंटला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख पुराव्यादाखल सादर झाले. १९९७ साली पेटंटमधील सर्व दावे फेटाळले गेले. अशा ज्ञानाच्या रक्षणासाठी २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले.

तो विजय निर्विवाद होता. मात्र त्या विजयाने नेमके काय सिद्ध झाले? हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढेच. हळद कोणत्या रोगावर, किती मात्रेत, किती परिणामकारक ठरते, हे त्या निकालाने ठरले नाही. मालकी सिद्ध करणे आणि गुण सिद्ध करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या कामात आपण जिंकलो आणि दुसरेही झाले, असे समजून बसलो.

हळदीतील कर्क्युमिन या द्रव्यावर जगभर हजारो शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. तरीही औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात २०१७ साली आलेल्या आढाव्याचा निष्कर्ष कटू आहे. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, रक्तात फारसे उतरत नाही. शिवाय प्रयोगशाळेतील चाचण्यांना फसवून खोटा परिणाम दाखवू शकते. काळ्या मिरीतील पायपेरिनमुळे त्याचे शोषण कित्येक पटींनी वाढते, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले. पण शोषण वाढवलेल्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आता समोर आल्या आहेत. स्वयंपाकातील चिमूटभर हळद आणि बाटलीतील गोळी एक नव्हे. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे जाहिरातीचे वाक्य आहे, शास्त्राचे नव्हे.

हे लिहिणे म्हणजे परंपरेची अवहेलना करणे, असे कोणी समजू नये. परंपरेचा खरा सन्मान कसा करावा, हे मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी दाखवले. आयुर्वेदातील सर्पगंधा त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तपासली आणि १९४९ साली निष्कर्ष ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केले. जगाने ते मानले. मात्र तिच्यातील रेसरपिन हे द्रव्य १९५२ साली वेगळे केले ते स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी. चीनच्या तू योयो यांनी चौथ्या शतकातील ग्रंथातून सूत्र उचलले, त्यावर वारंवार प्रयोग केले आणि हिवतापावरील आर्टेमिसिनिन जगाला दिले. २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते ग्रंथ जुना होता म्हणून नव्हे, तर त्यातील वचन कसोटीला उतरवले म्हणून.

आपल्याकडे काय कमी आहे? परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे आणि हळदीचे शिवार शेजारीच आहे. कोणत्या वाणात, कोणत्या जमिनीत कर्क्युमिन किती, हे विद्यापीठाने मोजावे. वैद्य आणि डॉक्टरांनी एकत्र बसून काटेकोर चाचण्या आखाव्यात. आणि प्रतिकूल निष्कर्ष आला तरी तो निःसंकोच प्रसिद्ध करावा. शेतकऱ्यालाही मग केवळ वजनाचा नव्हे, गुणांचा भाव मागता येईल.

सोने खरे असेल तर त्याला कसोटीच्या दगडाचे भय नसते. वारशावर आपली श्रद्धा असेल, तर तो दगड आपल्याच हातात असायला हवा.