बोरघाटातील ‘ब्लॉक’ : दोन तासांचे काम, दिवसभराची रांग

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर देखभालीसाठी दोन तासांचा ‘ब्लॉक’ जाहीर झाला, की प्रवासी तेवढ्याच विलंबाची तयारी ठेवून घराबाहेर पडतो. बोरघाटात मात्र हा हिशेब फसतो.

२००२ मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे ९४ किलोमीटर लांबीच्या या सहापदरी मार्गाला सपाटीवर जुन्या महामार्गाचा पर्याय आहे. घाटात काही अंतर हे दोन्ही मार्ग एकच होतात. शिंग्रोबा मंदिराजवळून चढणारा जुना रस्ता अरुंद आणि वळणांचा असल्याने तेथे हलकी वाहनेच वळवता येतात. मालमोटारी घाटाच्या पायथ्याशी थांबवाव्या लागतात.

समजा, तासाला दोन हजार वाहने येत आहेत आणि मार्गाची क्षमता अडीच हजारांची आहे. दोन तासांच्या बंदीत चार हजार वाहने खोळंबतील. मार्ग खुला झाल्यावर रांग तासाला केवळ पाचशेने घटेल, म्हणजे ती ओसरण्यास आठ तास लागतील. त्यातच भरलेल्या मालमोटारी चढावर एकदम निघाल्या आणि एखादीचे इंजिन तापून ती मध्येच थांबली, तर हे गणितही कोलमडते.

काम टाळणे हा अर्थातच उपाय नव्हे. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवाशांचे बळी गेले. त्यानंतर सैल झालेले खडक काढण्यासाठी मार्गिका बंद ठेवाव्या लागल्या आणि त्याबद्दल तक्रार करणे कठीण होते. प्रश्न वेळेचा आहे. ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल ५ एप्रिल २०२० रोजी पाडण्यात आला, तो टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला असताना. अशी संधी पुन्हा मिळणे अवघड. परंतु गर्दी ओसरलेली वेळ निवडण्याचे तत्त्व नेहमीच्या कामांनाही लागू पडते.

बंदीच्या सूचनेत मार्ग केव्हा बंद होणार आणि केव्हा उघडणार, एवढेच असते. रांग केव्हा संपेल, याचा अंदाज नसतो. रुग्णवाहिकेला किंवा विमान गाठणाऱ्याला नेमकी तीच माहिती हवी असते. १ एप्रिल २०२३ पासून मोटारीचा एकेरी पथकर २७० वरून ३२० रुपये झाला. वेगासाठी तो भरणाऱ्याने निदान हा अंदाज मागणे अवाजवी नाही.

खोपोली ते कुसगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा नवा मार्ग घाटातील याच अडचणीवर योजण्यात आला. त्यातील लांब बोगद्यांनाही देखभाल लागणारच. त्या वेळी वाहतूक पुन्हा जुन्या घाटातूनच वळवावी लागेल.